दसऱ्याची मशीन

आमच्या मशीनला समोर एक छोटा हिरवा दिवा होता. मशीन झोपली की तो सावकाश मंद व्हायचा, सावकाश उजळायचा, पुन्हा मंद व्हायचा. दुपारी दुकानात कोणी नसलं की मी त्याच्याकडे बघत बसायची, आणि थोड्या वेळानं माझा श्वासही त्याच्याच चालीनं चालायला लागायचा. बाहेर नागपूरकडे जाणारे ट्रक, कापसाच्या गाड्या, आणि त्या गाड्यांतून सुटलेले कापसाचे पुंजके हवेत. एखादा पुंजका दुकानात शिरायचा, पंख्याखाली जरा फिरायचा आणि कुठंतरी बसायचा. त्या दिवसांची आठवण निघाली की मला आधी हेच दिसतं, तेही बिनआवाजाचं. राग, रडणं, भैंशाची ती बस, हे सगळं नंतर आठवतं.

आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या मोठ्या रस्त्यावर आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स. सासरे गेल्यापासून दुकान माझा नवरा बघतो आणि नवऱ्याला माझी सासू बघते. माझं माहेर बाजारहत्नूरकडचं. घरी कापूस आणि ज्वारी. शाळा तेलुगू आणि घर मराठी, त्यामुळे दोन्ही अक्षरं मला सारखीच जवळची. लग्नाआधी मी आदिलाबादला मावशीकडे राहून टायपिंग आणि डिझाइन शिकले होते. आमच्याकडच्या पत्रिका एका बाजूनं मराठी आणि दुसऱ्या बाजूनं तेलुगू असतात, म्हणून स्थळ आलं तेव्हा माझ्या ह्या शिक्षणाचं फार कौतुक झालं. लग्नानंतर मात्र मी बसले ती पत्रिकांना गोंडे बांधायला. दुकानात मशीन एकच, तिच्यासमोर खुर्ची एकच, आणि खुर्चीत नवरा. कम्प्युटरला आमच्याकडे सगळे मशीनच म्हणतात. मी मागं भिंतीशी चटईवर बसून गोंडे बांधायची आणि त्याच्या खांद्यावरून पडदा बघायची. तो लाल गणपतीवर गुलाबी अक्षरं टाकायचा तेव्हा माझे हात शिवशिवायचे. रंगाची त्याला काडीचीही समज नाही, हे मी आजही त्याच्या तोंडावर सांगते.

मग एका दसऱ्याला नवी मशीन आली. ठरवलं आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे माझी सासू. त्यांनी एकदा ठरवलं की आमच्या घरात फक्त वार विचारायचा राहतो. भैंशाच्या बाजारपेठेतल्या कम्प्युटरच्या व्यापाऱ्याकडे त्या हंगामात नव्या जातीचा बोर्ड आला होता. बोर्ड म्हणजे मशीनच्या पोटातली ती मोठी हिरवी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसवतात. फार वेगवान, असं तो सांगत फिरला आणि अर्ध्या बाजारानं दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याच बोर्डाच्या मशीनी घेतल्या. शेजारच्या बी-बियाण्याच्या दुकानानं घेतली, समोरच्या फोटो स्टुडिओनं घेतली, बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं घेतली. सगळ्यांची खोकी एकाच टेम्पोतून उतरली.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पूजतात. शेतकरी विळा-वखर पूजतो, ड्रायव्हर ट्रकला झेंडूच्या माळा घालतो, आम्ही मशीनला. त्या सकाळी आत्याबाईंनी तबक माझ्या हातात दिलं.

"पूजा तूच कर," त्या म्हणाल्या. "बसायचंबी तुलेच हाय हिच्यावर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो हसून राहिला होता. म्हणजे त्यांचं आधीच बोलणं झालेलं होतं. मी मशीनला हळदीकुंकवाची बोटं लावली, आपट्याची पानं वाहिली, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी झेंडूच्या फुलानं शिंपडलं. थोडं मशीनवर, थोडं खुर्चीवर, थोडं माझ्या स्वतःवर. आनंदात हात सैल सुटतो. मग मी खुर्चीत बसले. खुर्ची जरा उंच होती, माझे पाय जमिनीला पुरत नव्हते. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि रस्त्यानं जाणारे लोकही बघत होते. छपाईवाल्याची सून खुर्चीत बसली, हे इचोड्याच्या बाजाराला बघण्यासारखं होतं.

त्यानंतरचे दिवस मी जागेपणी जगले की झोपेत, मला नीट सांगता येत नाही. कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. लहानपणापासून मी ते बघत आले होते, पण ते कुठं वापरता येईल असं कधी वाटलं नव्हतं. आता मी एका पत्रिकेची वरची कड तशी पिवळी ठेवली आणि खाली उतरता उतरता तिला गुलाबी होऊ दिलं. पिवळं कुठं संपलं आणि गुलाबी कुठं सुरू झालं हे कोणालाच दाखवता आलं नसतं. नवरीचा बाप ती पत्रिका घेऊन दारातल्या उजेडात गेला आणि म्हणाला, आमच्या वावरावानी दिसते. मला डोळे मिटले तरी रंग दिसायचे. भाकरी थापताना पिठात दिसायचे. नवरा म्हणायचा, हिच्याशी बोललं की ही तिकडून कुठून तरी परत येते आणि मग उत्तर देते.

दिवाळी तोंडावर आली होती. मी एक पत्रिका अर्धी टाकून जेवायला गेले आणि परत आले तेव्हा मशीन झोपली होती. दिवा मंद होत होता, उजळत होता. मी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. पंखा फिरत होता, दिवा श्वास घेत होता, आणि पडद्यावर फक्त माझं तोंड दिसत होतं, कुंकवासकट.

नवऱ्यानं तिची बाजूची पत्र्याची पाटी उघडली. आत हळदीचे दोन-तीन ठिपके होते. त्यानं पाटी परत लावली आणि हात पुसले.

"आतमंदी पानी गेलं," तो हळूच म्हणाला.

"मंग भैंशाला न्या ना. वारंटी हाय."

"काऊन नेऊ? तो उघडून हळद पायते. पान्यानं खराब झाल्याले वारंटी नाई. वरतून हसते, मनते पूजेनं मारली." मग अजून हळू म्हणाला, "आन् कोनापाशी बोलू नोको. दसऱ्याची पूजा बाधली मनलं तर चांगलं दिसते का?"

आत्याबाई तोपर्यंत दाराशी येऊन उभ्या होत्या. त्या मशीनकडे पाहत नव्हत्या.

"तुह्या हाताले पानी लय सुटते," त्या मला म्हणाल्या, आणि आत गेल्या.

बस, एवढंच. ओरडणं नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चटईवर बसून गोंडे बांधत होते आणि नवरा जुन्या मशीनवर गुलाबी अक्षरं टाकत होता. मला कोणी उठवलं नव्हतं खुर्चीतून, खुर्चीच उरली नव्हती. आत्याबाई त्या आठवड्यात माझ्याशी फार तोडून बोलल्या. भाजीत मीठ जास्त, उंबऱ्यावर पाणी सांडलं, पदर कुठं आहे. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर फोड आले होते आणि त्या दिवसभर त्यांना खोबरेल लावत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, तव्याचा चटका. तवा तर मीच हाताळत होते, पण मी ते बोलले नाही. माझ्या मनात त्यांच्या बोटांना जागा नव्हती. मी स्वतःवरच इतकी चिडलेली होते की झोपेत सुद्धा पाणी शिंपडत होते. स्वप्नात फुलातून पाणी सुटायचं आणि थांबायचंच नाही, दुकान भरायचं, आणि त्यावर माझ्या पत्रिका पिवळ्या-गुलाबी होऊन तरंगत रस्त्याकडे निघून जायच्या.

नवी मशीन कोपऱ्यात झाकून ठेवली होती. नवरा जेवायला गेला की मी तिची वायर लावायची, फक्त तो दिवा बघायला. ती मेली असती तर बरं झालं असतं असं वाटायचं. मेलेल्याचं दुःख करता येतं. ही नुसती झोपलेली, आणि माझ्यामुळे. त्याच दुपारी बसस्टँडकडून भजनं ऐकू यायची. झेरॉक्सवाला दिवाळीपासून दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत भजनं लावत होता. बाजारात लोक म्हणत होते, माणूस सुधारला.

तुळशीचं लग्न आमच्या गल्लीत सगळे मिळून लावतात. त्या संध्याकाळी बायका अक्षता घेऊन उभ्या होत्या, भटजी यायचे होते. बी-बियाण्यावाल्याची बायको माझ्या शेजारी होती. भिंतीला भिंत लागलेली दोन दुकानं आमची, त्यामुळे ती मला मोठ्या जावेसारखी. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि कानाशी आली.

"वैनी, तुमची नवी मशीन दिसत नाई काऊन?"

मी अक्षता एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतल्या. मग का कोण जाणे, खरं बोलले. "झोपली ते उठलीच नाई."

तिनं माझा हात धरला. "दिवा लागते, पंखा फिरते, आन् तोंड काळं?"

"तुमचीबी?"

"दिवाळीच्या आधीच. आमचे हे मनतात, मी ओवाळताना निरांजन लय जवळ नेलं. तुपाची काजळी गेली आतमंदी." ती बोलता बोलता लाल झाली. "तवापासून मले दुकानात पायच ठेवू देत नाई."

मला हसू यायला लागलं. तिलाही. पदर तोंडात कोंबून आम्ही दोघी हसत होतो आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण मनातलं ओझं माझं तसंच होतं. दोन घरांत दोघींनी पूजा केली, दोन्ही घरांत बिघडली. म्हणजे पूजाच बाधली, असाही अर्थ निघत होता.

तेवढ्यात स्टुडिओवाल्याची बायको पुढं सरकली. शांत बाई, बोलली तर तीन-चार शब्द. आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"आमचीबी गेली," ती म्हणाली.

"तुमी काय केलं व्हतं? पानी का दिवा?" शेजारणीनं विचारलं.

"आमी काईच नाई केलं. आमाले दसऱ्याले सुतक व्हतं. चुलतसासरे गेले व्हते ना. हळदीकुंकू नाई, नारळ नाई, अगरबत्तीबी नाई." तिनं पदर डोक्यावर ओढला. "सासरे मनतात, बिनपूजेची चालू केली मनून गेली. मीच चालू केली व्हती. लग्नाचे फोटो द्याचे व्हते."

भटजी आले, मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्या बायका तुळशीवर अक्षता टाकत होत्या आणि माझी मूठ मिटलेलीच राहिली. पाण्यानं गेली, काजळीनं गेली, आणि पूजा न केल्यानंही गेली. मग ती गेली कशानं? हा साधा प्रश्न इतक्या दिवसांत बाजारातल्या एकाही माणसाला पडला नव्हता, कारण प्रत्येकानं आपापल्या घरात एक बाई आधीच शोधून ठेवली होती. शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं तेव्हा मी अक्षता टाकल्या, त्याही भटजींच्या पागोट्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोक्यावरचं बोर्डाचं नाव वाचून फोनवर टाकलं. मला इंग्रजी येतं ते कामापुरतं, पण राग कोणत्याही भाषेत ओळखू येतो. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं होती. कोणाचा खेळ मध्येच थांबला होता, कोणाचं ऑफिसचं काम गेलं होतं, आणि सगळे त्या कंपनीला अशा शिव्या देत होते की वाचताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. सगळ्यांची मशीन एकदा झोपली की उठत नव्हती. बोर्डावरचा एक बारका भाग मुळातच कच्चा होता. कंपनीनं ते कबूल केलं होतं आणि बदलून द्यायचंही मान्य केलं होतं. एकानं लिहिलं होतं की त्यानं मशीनला झोपूच दिलं नाही, दिवसरात्र गाणी लावून ठेवली, म्हणून ती अजून चालू आहे. मी ते वाचलं, आणि बाहेरून भजन ऐकू येत होतं. आपला झेरॉक्सवाला! त्याला कधीच कळलं होतं आणि तो आपला देवाच्या नावाखाली गप्प बसला होता.

मी ते सगळं पुन्हा वाचलं. त्या माणसांमध्ये एकही जण असा नव्हता ज्यानं आपल्या बायकोच्या हाताला दोष दिला होता. किंवा दिलाही असेल, तो तिथं लिहिला नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला. एवढं सरळ रागावता येणं ही केवढी चैन आहे.

नवरा आला तेव्हा मी फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं सगळं वाचलं, स्टुडिओतल्या सुतकाचं ऐकलं आणि चटईवर माझ्याजवळ बसून राहिला. त्याचा स्वभाव बोलण्याचा नाही, हे मला माहीत होतं, तरी मी वाट पाहिली.

"उद्या मी नेतो भैंशाला," तो शेवटी म्हणाला.

"तुमी दुकान पाहा. आमी तिघी जाऊन राह्यलो."

मशीनी आम्ही मांडीवर घेऊन नेल्या. सामानात ठेवल्या तर आपटतील म्हणून. आमची गोधडीत, शेजारणीची शालीत, स्टुडिओची चादरीत गुंडाळलेली. निर्मळला बस बदलायची होती. घाटात सागाची मोठाली पानं वाळून रस्त्यावर पडली होती आणि बस त्यांच्यावरून जाताना कुरकुर आवाज येत होता. सकाळचं ऊन खिडकीतून येऊन गोधडीवर पडत होतं. समोरच्या म्हातारीनं गोधडीकडे बघून विचारलं, "लेकरू हाय का वं?" मी म्हटलं, "हो, झोपलं हाय." शेजारीण खिडकीकडे तोंड करून हसायला लागली. म्हातारी उगाच आवाज होऊ नये म्हणून मग निर्मळपर्यंत बोललीच नाही. मलाही डुलकी लागली. मांडीवरचं ओझं उबदार झालं होतं आणि मला खरंच वाटत होतं की हे उठलं की रडेल.

भैंशाला व्यापाऱ्यानं आमचं हसून स्वागत केलं. मला आधीच ठरवून ठेवलेलं सगळं तिथं गेल्यावर विसरायला झालं. मी म्हटलं, मशीन उठत नाही. त्यानं आमची उघडली, हळदीचे ठिपके पाहिले आणि मान हलवली.

"भाभी, पूजा में पानी गया होगा. मेरे पास और किसी की शिकायत नहीं आयी. पूरे इलाके में एक भी नहीं."

खोटं बोलत नव्हता तो बिचारा. कोणी आलंच नव्हतं. आमच्यासारखीच सगळीकडची माणसं हळद बघून घाबरली होती. मशीनी कोपऱ्यात झाकून ठेवून गप्प होती. शेजारीण माझ्या मागं सरकली. मीही मागं सरकले असते. पण आमच्या उघड्या मशीनकडे माझी नजर गेली आणि मला त्या चटईवरची जागा आठवली, भिंतीचा पोपडा, गोंड्यांचा डबा. मी स्टुडिओवालीच्या हातातली मशीन घेतली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"ये खोलो," मी म्हटलं.

त्यानं उघडली. आत धुळीचा कण नव्हता. हळद नाही, कुंकू नाही, काजळी नाही.

"इनके घर में सूतक था," मी म्हटलं. माझं हिंदी बाजारापुरतं, पण त्या दिवशी ते भलतं सरळ बाहेर आलं. "पूजा नहीं हुई. अब चालू करके दिखाओ."

त्यानं ती आपल्या पडद्याला जोडून बटण दाबलं. पंखा फिरला. हिरवा दिवा मंद झाला, उजळला, मंद झाला. पडदा काळा. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही बघत होती. व्यापाऱ्यानं पुन्हा दाबलं, आणि मग त्यानं हात मागं घेतला. मी फोन काढून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं वाचायला वेळ घेतला. वाचून झाल्यावर त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि चहा सांगितला. त्या उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांपैकी एक जण हळूच म्हणाला, "आमचीबी तशीच हाय. मी मनलं, पोराच्या आईनं पुसताना वल्लं फडकं लावलं असंल."

बोर्ड बदलून मिळतील असं त्यानं कबूल केलं आणि मशीनी ठेवून घेतल्या. तो आमच्या मशीनच्या मागच्या वायरी सोडवत होता तेव्हा त्यांतून एक काळा दोरा निघाला. बारीक, गाठ मारलेला, मध्ये कशाला तरी बांधला असावा असा. त्यानं तो टाकायला उचलला. मला वाटलं नवऱ्यानं वायरी आवळायला बांधला असेल, पण तो तर वायरींना प्लास्टिकच्या पट्ट्या लावतो. का ते माहीत नाही, मी तो मागून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

संध्याकाळी घरी पोचले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला, मग त्याचे डोळे भरले, मग तो उगाच दुकानाचं शटर बघायला गेला. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं की पाण्याचा काही संबंध नव्हता, बोर्डच मुळात कच्चा होता, कंपनीनं लिहून दिलंय. मला त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते मलाही माहीत नव्हतं.

त्या तांदूळ निवडत राहिल्या.

"मंग त्यानं आतमंदी सगळं पाह्यलं?"

"पाह्यलं."

"जळल्यासारखं काई? काळं काई?"

"काईच नाई. काऊन?"

"आन् मांगच्या बाजूनं?"

तेव्हा मला दोरा आठवला. मी पदराची गाठ सोडून तो त्यांच्यापुढं ठेवला. आत्याबाईंचा हात सुपातच थांबला. त्या उठल्या आणि देवघरातून आपला कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्यातून त्यांनी एक बिबा काढला. नजर लागू नये म्हणून लेकराच्या मनगटाला, दाराला बांधतात तो काळा बिबा. त्याला दोऱ्याचा तुटका तुकडा अजून लागलेला होता.

"म्या बांधला व्हता," त्या म्हणाल्या. "दसऱ्याच्याच दिवशी, तू भाकरी टाकाले गेली तवा. मांगून वायरीले. मशीन गेली ना, तवा माह्या काळजात धस्स झालं. बिब्याचं तेल चामडी जाळते, मनलं मशीन काऊन नाई जाळनार. घाईघाईनं तोडला. हे पाय."

त्यांनी हात पुढं केला. बोटांवरचे फोड सुकले होते, कातडी काळी पडून सोलत होती. तव्याचा चटका म्हणे.

मला राग आला. खरं सांगते, इतका राग मला कंपनीचा आला नव्हता. म्हणजे दिवाळीपासून ह्या बाईला वाटत होतं की आपणच मशीन मारली, आणि तरी मला चटईवर बसू दिलं. माझ्या हाताला पाणी सुटतं म्हणाल्या. मी रात्ररात्र पाण्याची स्वप्नं बघत होते आणि ह्या खोबरेल चोळत होत्या.

"मंग मले काऊन बोलल्या तुमी?" मी उठून उभी राहिले. "मशीनले नजर लागंल मनून बिबा बांधला, आन् दोष माह्यावर?"

"मशीनले नाई वं," त्या म्हणाल्या. "मशीनले कोन नजर लावते? लोखंडाची ते."

मग त्या खाली बघून बोलल्या. सुपातले तांदूळ बोटानं इकडून तिकडे करत होत्या.

"तू खुर्चीत बसली व्हती. पाय खाली पुरत नव्हते तुहे. सारा बाजार थांबून थांबून पाहून राह्यला व्हता. म्या मनलं, हिले लागंल कोनाची तरी. तुले बांध मनलं असतं तर तू हसली असती. शिकलेली पोरगी. मनून मांगून बांधला." मग सूप बाजूला सारून, "मशीन गेल्यावर भेव वाटलं. तू मनशीन, म्हातारीनं मले बसू दिलं नाई."

मी रडले की नाही ते मला आठवत नाही. तांदळाचं सूप आठवतं, आणि बाहेर नवरा शटर उगाच वरखाली करत होता ते. राग गेला नव्हता. तो अजूनही कधी कधी येतो, आणि मी तो त्यांना सांगते. पण त्या संध्याकाळी राग आणि ती दुसरी गोष्ट, दोन्ही एकाच वेळी छातीत होतं, आणि कोणतं कुठं संपतं ते मला दाखवता आलं नसतं.

संक्रांतीच्या सुमारास नवे बोर्ड बसवून मशीनी आल्या. झेरॉक्सवाल्याचा बोर्डही बदलला आणि त्याच दिवशी त्याची भजनं बंद झाली. आमची मशीन नवऱ्यानं जागेवर ठेवली, वायरी लावल्या आणि पुन्हा पूजा करू म्हणाला. तबक मी भरलं. आत्याबाई ह्या वेळी दाराच्याही बाहेर, पायरीवर उभ्या होत्या, हात पदराखाली घेऊन. मी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. मुद्दाम शिंपडलं. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मग पडद्यावर जुनी फाइल उघडून ठेवली आणि मशीनला झोपू दिलं. दिवा मंद झाला, उजळला, मंद झाला. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. मी बटण दाबलं आणि पडदा उजळला, त्यावर माझी ती अर्धी राहिलेली पत्रिका होती, वरून पिवळी, खाली गुलाबी व्हायची राहिलेली.

खुर्चीत मात्र मी बसले नाही. मी देवघरात गेले, करंड्यातून तो बिबा काढला, नवा काळा दोरा ओवला आणि पायरीवर जाऊन आत्याबाईंच्या हातात दिला.

"मशीनले नोको," मी म्हटलं आणि मनगट पुढं केलं. "मले बांधा. इथं. सगळ्या बाजाराले दिसंल असा."

त्यांची बोटं अजून नीट वाकत नव्हती, गाठ बसायला वेळ लागला. गाठ बसली तेव्हा त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, तसंच धरून मला आत आणलं, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस."

माझ्या पायांखाली त्यांनी पाट ठेवला होता.